गाळलेली पानं

कोपरीत टिपणीसकाकांना कादंबरी वाचून दाखवायचे,
मंगळवारी, शुक्रवारी.
वर्णन आलं की गाळायचे.
खून कोणी केला ते कळायचंय,
शेवाळलेला घाट कुणाला हवाय?

"पान लवकर उलटलंस," काका म्हणाले.
डोळे गेल्यापासून त्यांना
पानांचा आवाज मोजता येतो.

मागे गेले. घाट वाचला,
शेवाळ, कोनाड्यातली काजळी,
ओल्या पायरीवर
एकाच पायाचा ठसा.
चहावर साय धरली.

परवा त्यांनी विचारलं, खाडी कशी आहे आज?
"आहे तशीच," म्हणाले मी, आणि थांबले.
खिडकीशी गेले.

ओहोटी. चिखल काळा नाही, काका,
वांग्याच्या सालीसारखा आहे,
उन्हात जांभळट.
त्यावर बगळ्याची पावलं,
मध्येच संपलेली.