साडेसहाशे शब्द

निकाल लागला त्या रात्री ईरीत चौदा इंच बर्फ पडला.
मी संध्याकाळपासून इस्पितळाचं पार्किंग मोकळं करत होतो,
कोरिनचा फोन: बाबा, बत्तीस हजार! दरवर्षी!
नांगर वर उचलला आणि ट्रक तसाच उभा केला, अगदी मधोमध.
मागून एका नर्सने हॉर्न दिला,
तर काच खाली करून तिलाही सांगितलं, बत्तीस हजार.
लॉटरी? तिने विचारलं.
म्हटलं, नाही. मुलगी.

घरी येऊन पत्र शेवटपर्यंत वाचलं.
वर्षाचा खर्च चौऱ्याऐंशी.
गुणवत्तेचे बत्तीस, गरजेचे अठरा,
साडेपाच कर्ज (त्यालाही तिथे मदतच म्हणतात).
उरले साडेअठ्ठावीस.
रोझॅनने वीजबिलाच्या पाठीवर वजाबाकी केली,
मग दुसरं पेन घेऊन पुन्हा केली.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
पण पोर रात्रीत उंच झाली
तर पायांना कुणी समजवायचं?

ऑक्टोबरात आम्ही ते विद्यापीठ बघायला गेलो होतो.
वाट दाखवणारी मुलगी उलटी चालायची,
आमच्याकडे तोंड करून, हसत, पाठीमागे न बघता,
इथे ग्रंथालय, इथे तारांगण, इथे घोड्यांचा तबेला.
बाकीचे पालक इमारती बघत होते.
मी तिच्या टाचांमागची पायरी बघत होतो,
कुणाची तरी पोर आहे, पडेल.
ती पडली नाही.
तिथल्या कुणालाच पडायची सवय दिसली नाही.

निबंध मला प्रिंटरच्या ट्रेमध्ये सापडला.
तुमच्यावर आलेल्या एका संकटाविषयी लिहा, साडेसहाशे शब्दांत.
कोरिनने माझी बोटं लिहिली होती.
डाव्या हाताची दोन, ओतकामाच्या कारखान्यात,
प्रेस खाली आला तो मंगळवार.
आठ बोटांनी मी तिची वेणी घालायला शिकलो ते लिहिलं होतं
(खरं आहे; व्हॉलीबॉलच्या पहिल्या डावातच सुटायची ती).
आणि शेवटी: माझे वडील एकदाही कुरकुरले नाहीत.

मी ट्रेपाशी उभ्याने ते वाक्य तीनदा वाचलं.

अगं, सहा महिने मी दुसरं काही केलं नव्हतं.
फोरमनला शिव्या, देवाला शिव्या,
एका रात्री स्पगेटीची बशी भिंतीवर.
तू तेरा वर्षांची. ओलं फडकं आणून
भिंत तूच पुसली होतीस, एक शब्द न बोलता.
साडेसहाशेत ती भिंत बसली नसेल.

विमा कंपनीने दोन्ही बोटांचे मिळून अकरा हजार दिले होते, एकदाच.
पोरीने त्यांचे वर्षाला बत्तीस आणले.
हा हिशोब मी रोझॅनलाही सांगितलेला नाही.

मार्चात त्यांच्या कचेरीला फोन केला.
शाळेतल्या सल्लागार बाई म्हणाल्या होत्या,
घासाघीस म्हणू नका, पुनर्विचार म्हणा.
मी पुनर्विचार म्हटलं. चार वेळा म्हटलं.
पलीकडचा पोरगा विद्यार्थीच होता,
फोन उचलायचे तासाला बारा डॉलर घेणारा.
हळू आवाजात म्हणाला, सर, माझ्या आईनेही केला होता हा फोन.
मग? मग तीन हजार वाढले, सर.
आमचेही तीनच वाढले.

एक मेच्या आत अनामत भरायची.
मी रविवारची पाळी धरली आहे, रोझॅनने रात्रीची,
कोरिनने आइस्क्रीमचं दुकान.
तरी एक भोक राहतं, त्यात रोज कुणीतरी डोकावतं
आणि काही न बोलता बाजूला होतं.

आज पहाटे चारला ट्रक सुरूच होईना.
एप्रिल, आणि वर पुन्हा बर्फ.
तोंडात एक शिवी आली, जुनी, घसघशीत,
वर तिच्या खोलीत दिवा होता.
गिळली.
निबंध खोटा पडू नये,
एवढंच आता उरलंय या हातात.