बाकी सहा

डॉन्कास्टरच्या गोदामात, मोटरवेच्या कडेला,
रात्री पावणेतीनला पट्ट्यावरून एक खोकं आलं
ज्याचं लेबल यंत्राला वाचेना.
पत्ता ओला होऊन फिसकटलेला,
उभ्या काळ्या रेघांवर कुणाच्या तरी बुटाचा ठसा.
खालचा आकडा तेवढा शाबूत.
असं झालं की हाताने टाकायचा, एकेक अंक.

तीन. एकाने भाग जातोच, त्यात काय.
आठ. अडतीस, सम.
एक. बेरीज बारा, तिनाने जातो.
(आठ वर्षं बार्शीला सातवीच्या पोरांना कसोट्या शिकवल्या.
तोंड मिटलं तरी डोकं पुटपुटत राहतं.)
सहा. शेवटी सोळा, चाराने जातो.
पाच. पाचव्या जागी पाच,
आपल्याच पाटावर येऊन बसल्यासारखा.
चार. सम, बेरीज सत्तावीस, सहाने जातो.
इथे माझं बोट थांबलं.
मागून ग्लेनिस ओरडली, झोपलीस का गं?

साताची कसोटी मी वर्गात कधी सांगितली नाही.
म्हणायचे, सातासाठी घाम गाळावा लागतो.
सात टाकला,
हातमोजा दातांत धरून फॉर्मच्या पाठीवर भागाकार मांडला,
हातचे सांभाळत.
निःशेष.
दोन. एकोणसाठ आठे चारशे बहात्तर, जातो.
नऊ. नवाने.
शून्य. दहाने, ते तर आंधळ्यालाही दिसेल.

तीन अब्ज एक्क्याऐंशी कोटी
पासष्ट लाख सत्तेचाळीस हजार दोनशे नव्वद.
दहाही अंक हजर, दुबार कुणी नाही.
जिथे तोडाल तिथवर जेवढे जण रांगेत
तेवढ्यांत वाटला जातो, भांडण न होता.
छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे तऱ्हांनी
हे दहा जण रांगेत उभे करता येतात.
अशी रांग एकच.
हे त्या रात्री ठाऊक नव्हतं;
पुढचे तीन रविवार ओट्याशी गेले तेव्हा कळलं.

ग्लेनिसला सगळं सांगितलं, बोटं मोडून मोडून.
तिने थर्मासचं झाकण फिरवत ऐकून घेतलं,
म्हणाली, जड आहे का?
उचलून पाहिलं. हलकं.
आत काहीतरी घरंगळलं, बटणांसारखं.

फॉर्मवर स्वल्पविराम हात जाईल तसे पडले,
दोन-दोन अंकांवर.
ट्रेवरने ते खोडून तीन-तीनांवर दिले,
तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला,
आणि खोकं पिंजऱ्यात ठेवलं, बेवारस मालात.
नव्वद दिवसांनी लिलाव.

कुलूप लागता लागता, उगाच,
अकराने भागून पाहिलं.
नाही गेला. बाकी सहा.

सहाला शिफ्ट सुटली.
थांब्यावर बर्फाचा चिखल, आम्ही तिघी, कुणी बोलत नव्हतं.
बस आली, एक्क्याण्णव नंबरची.
तेरा सत्ते, म्हटलं,
आणि चढले.