मुद्देमाल क्रमांक सात

वरच्या मजल्यावरचा मगदुमांचा यशराज
एका दुपारी दुकानात आला,
म्हणाला, काका, तुमच्याकडं उजेड मोजायचं काहीतरी हुतं न्हवं?

हुतं म्हणजे, आहे. मखमलीच्या डबीत.
मधमाशीच्या पोळ्यासारखी काच,
त्याला सेल लागत नाही,
उजेड पडला की उजेडावरच काटा उठतो.
तळ्याकाठच्या स्टुडिओत हे घेऊन मी
नटींच्या हनुवटीखाली उभा राहायचो,
आकडा ओरडायचो आणि चौकटीबाहेर पळायचो.
एकवीस वर्षं एवढंच काम.
मग गंगावेशीत हे दुकान, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन.

कशाला पाहिजे रे?
मिरची लावलीया, घरात.
मिरचीला कुणी दाराला कुलूप घालत नाही,
हे मला कळत होतं.
तरी गेलो.

खोलीभर चांदीचा कागद, पंख्याची घरघर,
मंडळाच्या मांडवात असतो तसला जांभळा उजेड
आणि कुंड्यांतून सात बोटांची पानं
पसरलेली, कुणी हातावर काही ठेवील म्हणून.
वास सगळं सांगत होता. मी विचारलं नाही.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी
डबी उघडायला लावली होती.

पोरगं मीटर दिव्याला चिकटवून आकडा बघत होतं.
अरं खुळ्या, दिव्यापाशी न्हाई, पानापाशी धर.
दिवा किती देतो ते दिव्याचं दिवा बघंल,
पानापर्यंत काय पोचतं, ते तुझं.
अंतर दुप्पट केलंस की उजेड पाव राहतो.
(हे मला स्टुडिओत शिकवलं होतं,
आणि लेक कॅनडाला गेल्यावर परत समजलं.)

मधल्या कुंडीवर काटा टोकाला,
खिडकीकडच्या कोपऱ्यात निम्म्याच्याही खाली.
तिथलं रोप मान वाकडी करून मध्याकडं सरकलेलं,
पंगतीत वाढपी विसरला की माणूस बसतो तसं.
खडूनं फरशीवर आकडे लिहिले,
दिवे साखळीनं वीतभर वर घेतले,
पुन्हा मोजलं.
मीटर राहू दे तुझ्याकडं, म्हणालो.

पंधरा दिवसांनी म्हणतो, काका, हे खोटं बोलतंय.
काटा कमी, आणि झाडं बघा कशी फोफावल्यात.
खोटं नाही रे.
ते माणसाच्या डोळ्यासाठी घडवलंय,
आपल्याला जेवढं दिसतं तेवढंच मोजतं.
पानाला तांबडा लागतो, निळा लागतो,
हिरवा त्याला कमीच रुचतो, बराचसा परत फेकतं ते.
आणि त्या फेकलेल्यालाच आपण म्हणतो,
वा, काय हिरवंगार!

मार्चमध्ये पोलीस आले.
मी जिन्यात, मधल्या पायरीवर.
हवालदार लिहून घेत होता, मोठ्यानं:
दिवे चार. पंखा एक. कुंड्या नऊ, झाडांसह.
घड्याळासारखे एक जुने यंत्र,
बंद पडलेले, काटा शून्यावर.

बंद पडलेलं नव्हतं.
त्यांनी दिवे उतरवले होते.

कुणाचं हे?
यशराजनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.
जुन्या बाजारातनं घेतलंय, म्हणाला.
मी कठड्याचा गंज नखानं काढत राहिलो.
डोक्यावर जिन्यातला बल्ब होता, चाळीस वॉटचा.
माझ्या तोंडावर त्यातला किती पडला असेल
ते मोजायचं साधन तेवढ्यात लाखेनं सील होत होतं.

आता गिऱ्हाईक आलं की अंदाजानं दिवा सरकवतो.
हनुवटी जरा वर. हं. हलू नका.
ठाण्यात कधी ते कपाट उघडत असतील,
दुसरं काही ठेवायला,
तेव्हा पिशवीत काटा थोडा उठत असणार.
डबी इथंच आहे.
मखमलीत त्याच्या आकाराचा खड्डा.