अकरा सेकंद

मावशीने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली
हॅनकॉकच्या वरच्या अंगाला, जिथे सरोवरावरून आलेला बर्फ
एकदा बसला की एप्रिलपर्यंत उठायचं नाव घेत नाही.
डाव्या हाताशी एक कळ. ती दाबली की
बसच्या कुशीतून लाल पाटी बाहेर यायची
आणि दोन्हीकडची वाहनं जागच्या जागी,
ओंडके भरलेले ट्रकसुद्धा.
न थांबणाऱ्याला दंड. कायदाच तसा.

त्या पहाटे दारात पाटी नव्हती. नुसता हात होता,
कोपरापर्यंत पिठाने माखलेला.
वॉरंटवर माझं नाव, माझी जन्मतारीख,
न्यायाधीशांची सही. सगळं जिथल्या तिथे.
फक्त चोरी मी केली नव्हती.

डेल, ती म्हणाली, बूट काढ, कॉफी घे,
त्याला पँट तरी चढवू दे.
डेल राउत्साला. पहिलीपासून तिच्याच बसमधला.
एक बूट पायात, एक हातात, असा धावत यायचा,
आणि ती फाट्यावर दार उघडं ठेवून थांबायची.
बाजूला हो, लेम्पी.
ती झाली नाही.
दुसऱ्यांदाही लेम्पी म्हणाला.
तिसऱ्यांदा मॅडम.

त्याच्या छातीवरच्या कॅमेऱ्यात ते अकरा सेकंद आहेत.
कोर्टाने नऊ वेळा पाहिले.
मागे अंधारात मी, एक मोजा शोधतोय.

मला सहा दिवसांनी सोडलं.
खरा चोर भलत्याच गावात ड्रिल मशीन विकताना सापडला.
पट्टा दिला, किल्ल्या दिल्या, कुणीतरी सॉरीही म्हणालं.
तिची केस तेवढी उरली.
वकील म्हणाला, तू निर्दोष आहेस हा इथे मुद्दाच नाही.
वॉरंट खरं, दार खरं, हात खरा.
दोन वर्षांपर्यंत होऊ शकतात.

मी भांडलो असतो. पण त्याच बाकावर
आणखी एक बाई बसली होती, पर्स पोटाशी धरून.
तिनेही मुलासाठी दार अडवलं होतं.
तेवढ्यात तो मागच्या दाराने निसटला
आणि बायको जिथे लपली होती तिथे पोचला.
कलम तेच.
मावशीने तिला पेपरमिंटची गोळी दिली.
दोघी काही बोलल्या नाहीत.

पंचेचाळीस दिवस. वर दंड.
आणि बस गेली. शिक्षा झालेल्या माणसाच्या हाती
मुलं देत नाहीत, हेही मला कळतं.
कळून काय करायचं ते कळत नाही.
ती आता सकाळी सहाला उठून
गॅरेजमधल्या मोटारीत नुसती बसते, काच पुसते.

काल फाट्यावर बस थांबली. नवा ड्रायव्हर.
पाटी बाहेर आली. माझ्या पुढे डेलची गाडी,
तिचेही ब्रेकचे दिवे लागले.
मी मोजत होतो. अकरा झाले, बारा, तेरा.
एका पोराचं दप्तर बर्फात पडलं होतं
आणि ते उचलायला त्याला
काही घाई नव्हती.