खर्ज

ओन्नी म्हणाला, आजोबा, गाडीचा घसा बसलाय.

मी पेपर खाली ठेवला.
एकतीस वर्षं कौवोलाच्या गॅरेजात
लांब पान्याचं एक टोक इंजिनावर टेकवून
दुसरं कानामागच्या हाडाला लावत आलो मी.
कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतोय, कुठल्या बेअरिंगचे दिवस भरलेत
हे गाडीच्या मालकाआधी मला कळायचं.
आता डावा कान गेला,
उजवा अर्ध्या पगारावर आहे.
वरचे आवाज एकेक करून घर सोडून गेले:
पक्षी, दाराची घंटा, किटलीची शिट्टी,
मेर्वीच्या बोलण्यातले स आणि श.
उरलाय तो तळमजला.
ट्रकची घरघर. फ्रिजचा हुंकार.

म्हणून पडद्यावर ती लाल गाडी
दोनशेच्या वेगाने जंगलातून जाते तेव्हा
माझ्यासाठी ती बर्फावरून घरंगळणारी टोपी असते.
आणि पोराला म्हणे
डब्यात कोंडलेली माशी ऐकू येते.

बघू, म्हणालो. बॉनेट उघड.
ओन्नीने मेनू उघडला.
इंजिन, टायर, वारा, शेजारी बसून वळणं सांगणारा माणूस –
सगळ्यांचे काटे शेवटाला टेकलेले.
टीव्ही भिंतीपासून ओढला, पाठ तपासली:
काडेपेटीएवढे दोन स्पीकर,
तोंड भिंतीकडे करून
शिक्षा झालेल्या मुलांसारखे उभे.
यांच्याकडून काय गर्जना मागायची?
तरी इतकं बारीक? नाही.
दुखणं आणखी आत आहे.

शेवटी सापडलं.
गेममध्ये नव्हतं, यंत्राच्या सेटिंगमध्ये,
चार पायऱ्या खाली, एका ओळीत:
रात्रीचा आवाज – चालू.

हे कोणी केलं? ओन्नीने विचारलं.
मला ठाऊक होतं.
दोन हिवाळ्यांपूर्वी मेर्वी
इस्पितळातली रात्र संपवून सकाळी आठला घरी यायची
आणि या भिंतीपलीकडे झोपायची.
शनिवार-रविवारी हा सहा वर्षांचा, इथे, जमिनीवर, गाडी पळवत.
तिने पोराला कधी गप्प बस म्हटलं नाही.
गाडीलाच सांगितलं.
मग पाळी बदलली, दिवस बदलले,
गाडीला मात्र पुन्हा बोल म्हणायचं
राहून गेलं.

बंद कर ते, मी म्हणालो.

आणि ती आली.
कानातून नाही. आधी खुर्चीच्या पायातून,
मग गुडघ्यातून, मग बरगड्यांच्या मधल्या हाडात
कोणीतरी जुन्या ओळखीने थोपटल्यासारखी.
बशीतला चमचा थरथरला.
गिअर पडला, आणि मी मोठ्याने म्हणालो, तिसरा!
ओन्नी वळून बघत राहिला
आणि गाडी झाडात घातली.
झाडसुद्धा छान वाजलं.

खालून रौहाने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं,
एक, दोन, तीन.
काय खर्ज होता!
आम्ही दोघं तोंड दाबून हसलो.

मेर्वी केव्हा आली कळलं नाही.
दारात उभी, कोटावर बर्फ,
बूट तसेच पायात.
तिचा हात सवयीने रिमोटकडे गेला
आणि वाटेत थांबला.
ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही.
काय म्हणाली? मी ओन्नीला विचारलं.
म्हणाली, एवढं दबलं होतं?

त्याने गेम थांबवला, तिला दाखवायला, कुठे, कुठली ओळ.
खोली एकदम रिकामी झाली.
आणि त्या रिकाम्या खोलीत
दूर, पुलाच्या पलीकडे,
बर्फ उचलणारा ट्रक निघाला होता.
आला, मी म्हणालो.
कोण? दोघांनी विचारलं.
थांबा, म्हणालो,
तुम्हालाही येईल ऐकू.