दोन्ही पंपांचं डिझेल

पहाटे साडेतीनला इन्व्हर्नेसच्या डेपोत
मी नळीला नळी जोडतो.
टाकी एकच, थंडीही एकच.
टँकरच्या सहा पोटांपैकी चार सुपरमार्केटची,
दोन वरच्या रस्त्यावरच्या त्या पंपाची
जिथं पाटीला उजेड जास्त
आणि लिटरमागे सहा पेन्स जास्त.
फरक म्हणाल तर एक यंत्र
त्या दोन पोटांत औषध सोडतं,
एका गाडीच्या वाट्याला
खोकल्याच्या बाटलीचं बूचभर.
इंजिनाचा घसा साफ राहतो म्हणतात.
राहत असेल.

माझा मेहुणा टॉर्क्विल
तीस वर्षं फेरीबोटीच्या पोटात तेलात हात घालून होता.
आता त्याला एक स्कोडा आहे, अठरा वर्षांची,
आणि एक वही.
टाकी फुल्ल, नळी टक् वाजली की बस्स,
एक थेंब वर नाही.
तारीख. मैल. लिटर. वाऱ्याची दिशासुद्धा.
रविवारी सूपच्या भांड्याशेजारी वही उघडते:
सुपरमार्केट, गॅलनला सत्तेचाळीस मैल.
इशबेलचा पंप, त्रेपन्न.
"आकडे खोटं बोलत नाहीत," म्हणतो,
आणि पाव मोडतो.

मी म्हणणार असतो, अरे,
कुठंही जा, पळसाला पानं तीनच,
ते डिझेल मीच ओततो, दोन्हीकडे, याच हातांनी.
टेबलाखाली उना माझ्या नडगीवर बूट मारते.
तिचा भाऊ आहे. मी सूप पितो.

मग मार्चमध्ये इशबेलच्या पंपाचा करार संपला.
औषधाचं यंत्र त्या दोन पोटांपुरतं बंद.
पाटी तेवढी राहिली,
कारण शिडीवाला ऑक्टोबरशिवाय मोकळा नव्हता.
आता सहाही पोटांत एकच साधं डिझेल.
आणि वहीत?
एप्रिल, साडेत्रेपन्न.
मे, चोपन्न. खाली दोन रेघा.

जूनमध्ये मी त्याच्या शेजारी बसून पाहिलं.
स्वस्तातलं भरलं की तो
दुसऱ्याचं घोडं हाणावं तशी गाडी हाणतो,
खिडक्या उघड्या, टपावर गेल्या वर्षीची शिडी तशीच,
सिग्नलला दात-ओठ खात.
महागाचं भरलं की शिडी उतरते,
टायरची हवा तपासली जाते,
पायाखाली जणू अंडं आहे.
पन्नासच्या वर काटा जात नाही,
मागे कॅम्परव्हॅनची वरात लागली तरी.
सहा पेन्स जास्त दिलेत ना,
ते वाया कसे जाऊ द्यायचे.

पण एवढंच असतं
तर मी हसून उनाला सांगितलं असतं.
त्या दिवशी इशबेल गल्ल्यामागून बाहेर आली,
स्वेटरच्या बाह्या वर, पेन केसात.
"या वेळी किती?" तिनं विचारलं.
त्यानं वही तिच्यासमोर धरली,
परीक्षेचा पेपर दाखवावा तशी.
तिनं वाचलं, मान हलवली,
आणि त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.
माझ्या पावत्यांवर तीच सही करते.
तिला सगळं माहीत होतं.
मी टोपी सारखी केली.
ती काही बोलली नाही, मीही नाही.

ऑक्टोबरात शिडीवाला आला.
पाटीची अक्षरं एकेक करून खाली आली,
गवतावर उताणी पडली.
टॉर्क्विल नळी हातात धरून वर बघत राहिला.
टक् वाजलं.
त्यानं तारीख लिहिली, मैल, लिटर, वारा पश्चिमेचा.
पंपाच्या नावाचा रकाना कोरा सोडला.
वही सीटवर टाकून
पैसे द्यायला आत गेला.

बराच वेळ बाहेर आला नाही.
मी गाडीत बसून होतो.
इंजिन बंद होतं.
तेवढीच बचत.