मादी अद्याप अज्ञात

नर. लांबी सव्वा मिलिमीटर.
डोकं काळपट, शिंगिका हळदुल्या,
पंख धुरकट; त्यातली चौथी शीर
कडेला पोचायच्या आतच संपते,
ताण्यातला धागा तुटावा तशी.

मागच्या पायावरचे केस
मी मोजले, अकरा. पुन्हा मोजले, दहा.
शेवटी नान्नांनाच प्रयोगशाळेत घेऊन गेले.
पस्तीस वर्षं भिंगातून
इंचाइंचातले धागे मोजलेला डोळा
त्यांनी मायक्रोस्कोपला लावला.
ओठ हलले: ओकटी, रेंडू, मूडू...
अकरा, म्हणाले. एक आडवा झोपलाय.

आढळस्थान: साखर पेठ, सोलापूर.
माग विकल्यावर उरलेली आमची शेड,
कोपऱ्यात पिंप, तळाशी आंबलेली खळ.
निबंधात मी ‘किण्वित पिष्ट’ लिहिलं.
वासासाठी रकाना नव्हता.

“नवीन?” नान्ना हसले.
“चहाच्या बशीतून रोज बोटानं काढायचो की हिला.”
मग जरा थांबून,
“मेलीय ना?”
मी मारली, असं म्हणाले नाही.
नमुना क्रमांक एक, म्हणाले.

मादी मिळाली नव्हती.
वर्णन तिच्यावाचून अर्धंच,
म्हणून रविवारी जाळी, बाटल्या, चिमटा घेऊन
शेडचं कुलूप काढलं.

पिंप घासूनपुसून लखलखीत,
दारातल्या उन्हात पालथं.
फरशीवर फिनेल.
नान्ना खराटा टेकवत म्हणाले,
“तूच सांगितलंस ना अम्मा,
आपल्या शेडचं नाव
छापून येणार आहे.”